तुकोबांनी आधी ध्रुपद धरले

नमस्कार मंडळी. शोक आणि अध्यात्म हा विषय मला दिला गेला आहे. तो एका तासात मावणारा नाही, म्हणून मी आज तुकोबांचा एकच अभंग घेते, 'याती शूद्र वंश केला वेवसाव'. आपली हकीकत त्यांनी या अभंगात स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे.

१६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात दुष्काळात होरपळले. देहूला तुकोबांचे दुकान होते, सावकारी होती, गावात मान होता. आईवडील त्याआधीच गेले होते. परंपरेप्रमाणे जन्म १६०८चा धरला तर हा तरुण जेमतेम विशी ओलांडलेला. दुकान बुडाले. पहिली पत्नी रखुमाबाई गेली, मुलगा गेला. तुकोबा हे कसे सांगतात पाहा:

'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥'

'अन्न अन्न करितां'. धान्याचा व्यापार करणाऱ्या घरातली बाई अन्नावाचून गेली. लगेच पुढची ओळ येते, 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें'. दुःखाच्याही आधी लाज. ज्यांच्या घरात कोणी कर्जापायी जीव दिला आहे, ज्यांना २०२१मध्ये आपल्या माणसासाठी वेळेवर खाट मिळवता आली नाही, त्यांना या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. माणूस गेल्याचे दुःख चारचौघांत बोलता येते. आपण त्याला वाचवू शकलो नाही, ही टोचणी बोलता येत नाही. तुकोबा ती बोलले आणि अभंगात ठेवून गेले. त्याबद्दल मला त्यांचे फार ऋण वाटते.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट सांगते. दहाव्याला नदीच्या घाटावर प्रवचन होते. तिथे पुष्कळदा तुकोबांचा दुसरा अभंग ऐकवला जातो: 'बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली ॥ पोर मेलें बरें जालें । देवें मायाविरहित केलें ॥'. समोर मुंडन केलेला मुलगा बसलेला असतो, बायकांमध्ये आई बसलेली असते. त्या आईला दहाव्या दिवशी 'पोर मेलें बरें जालें' ऐकवणे मला क्रूर वाटते. ते शब्द खरे आहेत, पण ज्याने सोसले त्याने स्वतःबद्दल म्हटलेले आहेत, आणि तेही किती वाट चालून गेल्यावर! दुसऱ्याच्या दुःखावर ते ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि वारकरी परंपरेने रडायला कधी बंदी केलेली नाही. १२९६मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग वाचा. निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरूही. ज्ञानी म्हणावे तर त्यांनाच. आणि तेच तिथे कोसळलेले दिसतात: 'बांधल्या पेंढीचा सुटलासे आळा । तृण रानोमाळा पांगतसे ॥'. आत्मा अमर आहे हे निवृत्तिनाथांना कोणी शिकवायचे होते का? तरी त्यांना रडू आले. ज्या घरात 'आता रडू नका, जाणाऱ्याला त्रास होतो' असे म्हणतात, तिथे मला हे अभंग वाचून दाखवावेसे वाटतात.

मग तुकोबा सावरले कसे? अभंगातला क्रम बघा. पहिली गोष्ट, 'देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥'. पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ पडले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले. दगड, माती, हाताला काम. मन ठिकाणावर नसताना हात चालू शकतात. पुढे एकादशीचे कीर्तन सुरू केले, आणि तुकोबा मोकळेपणाने सांगतात, 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. लक्ष लागत नव्हते, तरी एकादशी चुकवली नाही. ज्यांची पोथी हातात राहते आणि डोळे एकाच ओळीवर थिजतात, त्यांनी हे अर्धे चरण जवळ ठेवावे.

त्यानंतर 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें'. आणि मग माझ्या मते या अभंगाचा गाभा:

'गाती पुढें त्यांचें धरावें धृपद । भावें चित्त शुद्ध करोनियां ॥'

कीर्तन ऐकलेल्यांना हे चित्र ठाऊक आहे. बुवा पुढे गातात, मागे टाळकरी ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायचे पालुपद, धरतात. मागे उभे राहणाऱ्याला नवे काही सुचावे लागत नाही, सूर थोडा हलला तरी शेजारचा सांभाळून घेतो, आणि डोळ्यांतून पाणी आले तरी गाणे थांबत नाही. मराठीतला इतका मोठा कवी आपल्या दुःखात आधी दुसऱ्यांच्या मागे उभा राहिला, दुसऱ्यांचे शब्द म्हणत राहिला. कवित्वाची स्फूर्ती फार पुढच्या चरणात येते. शोकात प्रार्थना सुचत नाही म्हणून आपली श्रद्धा आटली असे समजणारे मला पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगते, तुम्ही हरिपाठाला जाऊन बसा. म्हणणारे म्हणतील.

झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर डॉक्टरकडेही जा आणि घरच्यांना सांगा. नामात आणि औषधात भांडण नाही.

या कथेत आवलीलाही विसरू नका. आवली म्हणजे तुकोबांची दुसरी पत्नी जिजाबाई. तोच दुष्काळ तिनेही काढला. तुकोबा देहूजवळच्या भंडारा डोंगरावर बसत तेव्हा घर तिच्या डोक्यावर होते, आणि परंपरा सांगते की त्यांना शोधत ती भाकरी घेऊन डोंगर चढे. तिला आपण चारशे वर्षे कजाग म्हणत आलो. ती कोणत्या दुःखातून बोलत होती, हे तिला कोणी विचारल्याचे मला कुठे वाचायला मिळालेले नाही. प्रत्येक घरात असे एक माणूस असते, ज्याला रडायला सवड मिळत नाही.

विचारण्यावरून आठवले, या अभंगाचे स्वतःचे ध्रुपद काय आहे? 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं ॥'. हे बोलू नये, पण तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. म्हणजे तुकोबांना कोणीतरी विचारले होते. आपण तेराव्यानंतर विचारणे बंद करतो, गेलेल्याचे नावसुद्धा टाळतो, आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतो. पाहुणे गेल्यावर, सतरंज्या उचलल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्या घरी जा. 'त्यांना काय आवडायचे हो?' एवढे विचारा आणि मग ऐका. मध्ये उपदेश करू नका.

माझे बोलणे इथे संपवते. ज्यांना घरी जायचे आहे त्यांनी जावे. ज्यांना आपल्या माणसाविषयी काही सांगायचे आहे त्यांनी थांबा, खुर्च्या जरा जवळ घ्या. मी बसले आहे.