शेंद्र्याहून निघालेली भावंडं

(दाभोळची जेटी. पावसाची उघडीप. फेरीबोटीत गाड्या चढताहेत.)

गणपती चार दिवसांवर आलेत. दाभोळच्या जेटीवर गाड्यांची रांग पार वरच्या वळणापर्यंत गेली आहे. पलीकडच्या काठाला धोपावे, तिथून पुढे गुहागर. वाशिष्ठीचं पाणी तांबडं झालंय. बोटीवरचा माणूस हातानं खुणा करत एकेक गाडी आत घेतो आणि आरशाला आरसा घासेल इतक्या जवळ लावतो.

आज बोटीत दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत. एक स्कोडा कोडियाक, दुसरी ऑडी क्यू३. कोडियाकमध्ये सातही सीटा भरलेल्या, मखराचं सामान टपावर बांधलेलं. क्यू३ मध्ये चौघंजण. खाली उतरलेली पोरं ऑडीच्या चार कड्यांपाशी उभी राहून फोटो काढतात. कोडियाकपाशी कुणी जात नाही.

या दोन्ही गाड्यांची जुळणी एकाच ठिकाणी झाली आहे, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात. तिथं २००१ साली स्कोडा ऑक्टाव्हियापासून सुरुवात झाली. पुढे फोक्सवॅगन आली, ऑडी आली. तिन्ही ब्रँड एकाच फोक्सवॅगन समूहाचे.

(कोडियाकचं बॉनेट उघडतं. मग क्यू३ चं.)

आपण बघतोय त्या रूपातल्या गाड्या आपल्याकडे २०२२ साली बाजारात आल्या. दोन्हींचं इंजिन दोन लिटरचं टर्बो पेट्रोल. ताकद दोन्हीकडे १९० पीएस, टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ३२० न्यूटन मीटर. गिअरबॉक्स सात गिअरचा, दोन क्लचचा. ताकद चारही चाकांना. त्याच सुमारास मिळणारी फोक्सवॅगन टिग्वानही हेच इंजिन आणि हीच ताकद घेऊन आली होती. आता किंमत बघा. बाजारात आली तेव्हा कोडियाक ३४ लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती, क्यू३ ४४ लाख ८९ हजारांपासून. दोन्ही आकडे एक्स-शोरूम. जवळजवळ दहा लाखांचा फरक, आणि महाग गाडी आकारानं लहान.

मग दहा लाख जातात कुठं? आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी हप्त्यावर येते आणि पाच-सात वर्षं महिन्याच्या पगारातून फिटत राहते. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट शोधलं पाहिजे. ‘ऑडी ती ऑडीच’ म्हणणाऱ्यांचं आणि ‘सगळं सारखंच, नुसता लोगो वेगळा’ म्हणणाऱ्यांचं, दोघांचंही बोलणं अर्धवट आहे.

(गॅरेज. गाडी लिफ्टवर. कॅमेरा खालून.)

आधी प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते बघू. जुन्या जीपला खाली वेगळी चेसी असायची, तिच्यावर बॉडी बसवायची. आजच्या बहुतेक गाड्यांत पत्र्याची अख्खी पेटीच भार वाहते, सुटी चेसी नसतेच. मग कंपन्या आपसात वाटून काय घेतात? इंजिन कुठं बसणार, चाकं कुठल्या जागी जोडणार, स्टिअरिंगचा दांडा कुठून येणार, वायरिंग कसं फिरणार, धडक बसली तर पुढचा भाग कसा चेमटणार. महागाचं आणि वेळखाऊ काम हे आहे. ते एकदा केलं की त्यावर अनेक गाड्या उभ्या करता येतात.

फोक्सवॅगन समूहानं २०१२ साली एमक्यूबी नावाची अशी पद्धत आणली. तिच्यात पुढच्या चाकाचा मध्य आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल यांतलं अंतर पक्कं ठरलेलं. इंजिन आडवं बसणार, तेही १२ अंश मागे कललेलं. बाकीचं माप वाढवता येतं. म्हणूनच क्यू३ च्या पुढच्या-मागच्या चाकांत २६८० मिलिमीटर अंतर आहे आणि कोडियाकमध्ये २७९१. जांभ्याचं जोतं एकाच पद्धतीनं घालायचं आणि वर कुणी कौलारू घर बांधायचं, कुणी स्लॅबचं, तसं हे आहे.

लिफ्टवरच्या गाडीच्या सुट्या भागांवर टॉर्च मारा. एकाच भागावर फोक्सवॅगनचा गोल आणि ऑडीच्या चार कड्या शेजारी-शेजारी उमटवलेल्या दिसतील. भागाच्या नंबरातली पहिली तीन अक्षरं तो भाग मुळात कुठल्या गाडीसाठी आखला गेला ते सांगतात. ‘५क्यू०’ दिसलं तर तो भाग फोक्सवॅगनच्या गोल्फ गाडीच्या सातव्या पिढीसाठी आखलेला. असे भाग स्कोडाच्या पोटातही सापडतात आणि ऑडीच्याही. यात फसवणूक काहीच नाही. लाखो गाड्यांत वापरलेला भाग उलट जास्त तपासला गेलेला असतो.

ऑडीच्या मागच्या दारावर ‘क्वाट्रो’ लिहिलेलं असतं, त्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ऑडीनं १९८० साली ज्या क्वाट्रोनं नाव कमावलं, त्या गाडीत ताकद कायम चारही चाकांना जायची. क्यू३ मध्ये ती एरवी पुढच्या चाकांना जाते. गरज पडली की मागच्या अ‍ॅक्सलजवळचा, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं चालणारा क्लच आवळतो आणि मागची चाकं कामाला लागतात. कोडियाकमध्ये याच पद्धतीला ‘फोर बाय फोर’ म्हणतात, टिग्वानमध्ये ‘फोरमोशन’. शेवाळलेल्या, तांबड्या चिखलाच्या चढावर या तिघींची चाल एकाच जातीची आहे. तिथं टायर किती झिजलेत आणि चालवणारा किती शांत डोक्याचा आहे, याला जास्त महत्त्व.

(परशुराम घाट. मुसळधार पाऊस. गाडीच्या आतून दृश्य.)

मग वेगळं काय? क्यू३ आखूड आणि हलकी. कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ७.३ सेकंदांत गाठते, कोडियाक ७.८ मध्ये. घाटातल्या नागमोडी वळणांवर हा अर्धा सेकंद कुणाच्या कामाचा नाही, पण आखूड गाडी वळणात चपळ वाटते हे खरं. डॅशबोर्ड, बटणांचा हाताला लागणारा पोत, दार बंद होतानाचा आवाज, आतली रंगसंगती, यांत ऑडी वरचढ आहे आणि तो फरक रोज जाणवतो. ज्याला त्याची किंमत मोजायची आहे त्यानं खुशाल मोजावी.

कोडियाकच्या बाजूला काय आहे तेही बघा. तिच्यात शॉकअपचा कडकपणा बदलणारं सस्पेन्शन होतं. नऊ एअरबॅग होत्या, क्यू३ मध्ये सहा. शिवाय तिसरी रांग. सुरक्षितता ही चैनीची बाब असते आणि महाग गाडीत ती आपोआप जास्त मिळते, असं आपण धरून चालतो. इथं एअरबॅगांचा हिशेब नेमका उलटा आहे. गाड्या आपटून बघणाऱ्या युरो एनकॅपच्या चाचणीत दोघींनाही पाच तारे मिळालेत.

माझं मत विचाराल, तर कोकणात वर्षातून चार वेळा घरच्यांना घेऊन येणाऱ्या माणसानं या जोडीत कोडियाक घ्यावी. मनात किंतु न ठेवता.

(आंबा घाट. एक हॅरियर वळण घेते.)

हाच नियम सगळ्या जोड्यांना लावाल तर मात्र चुकाल. आपल्याकडे गावोगाव ऐकू येणारं वाक्य आहे, ‘हॅरियर म्हणजे आतून लँड रोव्हरच.’ त्यामागे खरी गोष्ट आहे. टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर २००८ साली विकत घेतल्या. जानेवारी २०१९ मध्ये हॅरियर आली ती ओमेगार्क प्लॅटफॉर्मवर, आणि ओमेगार्क बेतला होता लँड रोव्हरच्या डी८ वरून. डिस्कव्हरी स्पोर्ट ही गाडी याच डी८ वर उभी होती. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दोन्हीकडे २७४१ मिलिमीटर. डिस्कव्हरी स्पोर्टची जुळणी आपल्याकडे पुण्यात झाली, हॅरियरही पुण्याचीच.

आता मागच्या चाकांशी या. डिस्कव्हरी स्पोर्टमध्ये प्रत्येक मागचं चाक वेगवेगळ्या दांड्यांवर स्वतंत्र हलतं. डिझेलवरच्या हॅरियरमध्ये दोन्ही मागची चाकं पिळवटणाऱ्या एका आडव्या पात्यानं जोडलेली आहेत. एक चाक खड्ड्यात गेलं की त्याचा थोडा हिसका दुसऱ्यापर्यंत पोचतो. ही रचना स्वस्त आहे आणि दणकटही. डिस्कव्हरी स्पोर्ट चारही चाकांवर चालते, डिझेलवरच्या हॅरियरच्या फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळते. हॅरियरचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. सुरुवातीच्या हॅरियरचं स्टिअरिंग हायड्रॉलिक होतं, इलेक्ट्रिक आलं ते २०२३ च्या बदलांत. डिस्कव्हरी स्पोर्ट ६०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते.

म्हणजे इथं प्लॅटफॉर्मची कुळी तीच राहिली, पण गाडीचा स्वभाव ज्यातून ठरतो ते भाग बदलले. क्यू३ आणि कोडियाक यांच्यात असं घडलं नाही. चिखलाच्या चढावर हॅरियर आणि डिस्कव्हरी स्पोर्ट एकीमागोमाग एक नेल्या तर फरक कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

यात हॅरियरला कमीपणा मुळीच नाही. टाटांना मध्यमवर्गाला परवडेल अशी मोठी गाडी द्यायची होती. त्यांनी मजबूत सांगाडा ठेवला आणि खर्चिक दांडे काढले. २०२३ साली हॅरियरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. सांगाड्यावर खर्च आणि दिमाखावर काटकसर, ही निवड मला पटते.

तिसरी जोडी कोकणात क्वचितच दिसते, पण ती बघितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. टोयोटा कॅमरी आणि टोयोटाच्याच महागड्या ब्रँडची लेक्सस ईएस. कॅमरीची आधीची पिढी आणि तिच्या जोडीची ईएस घेऊ. दोन्हींची जुळणी कर्नाटकात, बिडदीला झाली. दोन्हींचं इंजिन अडीच लिटरचं हायब्रिड होतं, ताकद २१८ पीएस. लेक्ससची लांबी मागच्या माणसासाठी वाढवलेली आहे. तिच्या शॉकअपमध्ये एक खास झडप आहे. रस्त्याच्या बारीकशा थरथरीलाही ती तेल हलू देते, म्हणून ती थरथर आतल्यांपर्यंत येत नाही. इथं पैसा लोगोवर न जाता पाठीवर, मानेवर आणि कानांवर खर्च झालाय. गावच्या स्पीडब्रेकरवर मात्र दोन्हींची पोटं जपावी लागतात.

उलट टोकही आहे. अमेरिकेत १९८१ साली कॅडिलॅक या महागड्या ब्रँडनं आपल्याच समूहातल्या शेव्हरोलेच्या साध्या छोट्या कॅव्हेलियरवरून सिमरॉन नावाची गाडी काढली. चामडी सीटा चढवल्या, किंमत चढवली. गिऱ्हाइकांना ते कळलं. १९८८ मध्ये गाडी बंद झाली.

(चिपळूण बाजारपेठ. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ.)

कोकणात गाडी ठेवायची म्हणजे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली पाण्याची. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा शेकड्यांनी गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचं बटण कुणी दाबलं की सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. मग पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन तेच असेल तर स्कोडातही तेच होणार आणि ऑडीतही. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तरच निभाव लागतो. आणि आत जेवढे जास्त पडदे, मोटारी आणि सेन्सर, तेवढं खारट-मचूळ पाण्यानं जास्त बिघडणार. इथं साधी गाडी बरी.

दुसरी गोष्ट अंतराची. गावात गाडी अडली तर ती उचलून कुठं न्यायची? कोल्हापूर, पुणे की मुंबई? महाग भावंडाचं सर्व्हिस सेंटर बहुधा आणखी लांब असतं. टो-ट्रकवर चढलेली गाडी आंबा किंवा कुंभार्ली घाट ओलांडते तेव्हा ते भाडं गाडीच्या मालकाच्या अंगावर येऊ शकतं.

(दापोलीचा रस्ता. एक गाडी खड्डे चुकवत येते.)

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला गुळगुळीत रस्त्यावर नेतात. तिथं दोन्ही गाड्या छानच वाटतात. खडबडीत रस्ता मागून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. आजीला मागच्या सीटवर बसवा आणि दोन्ही गाड्या एकाच रस्त्यानं, एकाच वेगानं न्या. एका मागच्या चाकाखाली खड्डा आल्यावर अख्खी गाडी हेलकावते की तेवढंच चाक खाली-वर होतं, ते बघा. काचा बंद करून ट्रकच्या बाजूनं न्या आणि आजीचं बोलणं पुढच्या सीटवर ऐकू येतं का ते ऐका. या दोन ठिकाणी महाग गाडी उघड उजवी ठरली, तर पैसा योग्य जागी गेलाय. नाही ठरली, तर उरलेला फरक आतली सजावट आणि नाव एवढाच आहे, आणि त्याला किती मोजायचं ते ज्यानं-त्यानं ठरवावं.

निघताना दोन्ही शोरूमकडून तीन गोष्टींचे दर कागदावर लिहून घ्या. पुढचे ब्रेक पॅड, लोअर आर्म (चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा) आणि पुढची काच. सोबत भागांचे नंबरही मागा.