'झोहार'चं भाषांतर आणि रिकामी ठेवलेली जागा

आज मी तुमच्यापुढे तीनच हिब्रू शब्द घेऊन आलो आहे: 'बेरेशीत बारा एलोहीम'. तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, याच शब्दांनी सुरू होते. प्रारंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, हा त्या पूर्ण वाक्याचा अर्थ आपल्या ओळखीचा आहे. हिब्रूत क्रियापद आधी आणि कर्ता मागून येतो, त्यामुळे तो सरळही आहे. 'झोहार' हा ज्यूंच्या गूढ परंपरेतला ग्रंथ मात्र शब्द आहेत त्याच क्रमाने घेतो. आरंभाच्या योगे निर्माण केलं, कुणाला? एलोहीमला. म्हणजे देव इथे कर्म झाला. मग कर्ता कोण? तो लिहिलेलाच नाही! कुणालाही न कळणाऱ्या, दडलेल्या त्याने आरंभाच्या योगे एक महाल उभारला आणि त्या महालाचं नाव एलोहीम, असं झोहार सांगतो.

हे मराठीत मांडायला बसलो आणि पहिल्याच शब्दाशी अडलो. 'आरंभाने निर्माण केलं' असं लिहिलं की आपला 'ने' घोटाळा करतो. 'सुताराने कापलं', 'करवतीने कापलं': कर्ता आणि साधन, दोघांना एकच प्रत्यय. वाचक आरंभालाच कर्ता समजणार, आणि जी जागा रिकामी राहायला हवी तिथे आरंभ जाऊन बसणार. म्हणून 'आरंभायोगे एलोहीमला निर्माण केलं'. इथे मराठी मदतीला येते. कर्ता गाळला तरी आपलं वाक्य मोडत नाही. इंग्रजीत तिथे काहीतरी भरावं लागतं, नाहीतर कोरी रेघ ओढावी लागते.

झोहारची भाषा अरमाईक, हिब्रूच्या जवळची एक जुनी भाषा. तेराव्या शतकाच्या शेवटी तो स्पेनमधल्या कास्तीय प्रांतात प्रकट झाला. मोशे द लेओन हा ज्यू लेखक त्याची हस्तलिखितं देत असे आणि ग्रंथ दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योखाय या ज्यू धर्मगुरूंचा म्हणून सांगत असे. १३०५ मध्ये तो वारला आणि ग्रंथ नक्की कुणी लिहिला हा वाद पेटला. (आपल्या पुण्याचाही या ग्रंथाशी संबंध आहे: त्यातल्या 'इद्रा झूटा' या भागाचं ज्यू-अरबी भाषांतर १८८७ साली पुण्यात छापलं गेलं.)

डॅनिएल मॅट यांच्या झोहारच्या इंग्रजी आवृत्तीचे बारा खंड आहेत. शेवटचा २०१७ मध्ये आला. पहिले नऊ खंड त्यांचे स्वतःचे. त्यांचं सर्वांत मोठं काम मला भाषांतराच्याही आधीचं वाटतं. त्यांनी छापील संहिता जशीच्या तशी घेतली नाही, हस्तलिखितं ताडून पाहिली. नकलाकारांनी अवघड शब्द सोपे केले होते, मध्येच खुलासे घुसडले होते. मॅट यांनी ते काढून मूळची अवघड जागा परत अवघड केली आणि खुलासा खाली टीपेत नेला. कितीतरी पानांवर टीपा मजकुरापेक्षा लांब आहेत. मला ते योग्यच वाटतं. टीप भक्कम असली की भाषांतराला गूढ राहण्याची मोकळीक मिळते.

झोहारमध्ये सृष्टीच्या आरंभी 'बोत्सिना दे-कर्दिनुता' चमकते. 'बोत्सिना' म्हणजे दिवा. 'कर्दिनुता'सारखा शब्द तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात एका जातीच्या गव्हासाठी येतो, आणि राशी हा भाष्यकार सांगतो की तो गहू फार कठीण असतो. त्या कठीणपणातून मॅट अभेद्य अंधाराच्या ठिणगीपर्यंत पोचतात. मी आधी 'काळा दिवा' लिहिलं होतं, ते खोडलं. आता 'मिट्ट काळोखाची ठिणगी' ठेवलं आहे. गव्हाचा टणकपणा त्यात उतरत नाही, म्हणून गहू मी खाली टीपेत ठेवला आहे.