अंगठा उमटला नाही

सकाळचे पावणेसात. नाशिकची अंबड एमआयडीसी. गेटवरच्या पंचिंग मशीनपुढे रांग लागलीय. एक जण अंगठा पँटीला पुसतो, ठेवतो. लाल दिवा. फुंकर मारतो, पुन्हा ठेवतो. परत लाल. मागचे ओरडायला लागतात.

ग्राइंडिंगवर वर्षं काढली की अंगठ्याच्या रेषा झिजतात. मशीनच्या लेखी तो माणूस आलाच नाही.

अशी माणसं ज्यांच्याकडे येतात त्या वकीलबाईंची एकच अट होती, नाव घ्यायचं नाही. जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात त्या नव्या होत्या, तेव्हा हजेरी म्हणजे मस्टर. खाडाखोड डोळ्यांना दिसायची, टाइमकीपरला पिंजऱ्यात उभं करता यायचं. मशीनची उलटतपासणी कशी घेणार? तिथून त्यांची वकिली वळली.

उत्तर कायद्यात होतं, पण डळमळीत. 2000 सालच्या आयटी कायद्याबरोबर पुरावा कायद्यात कलम 65ब आलं: यंत्रातून काढलेल्या नकलेसोबत जबाबदार माणसाचं प्रमाणपत्र जोडा. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नसलं तरी चालेल. 2014 मध्ये, हवंच. 2018 मध्ये पुन्हा ढील. शेवटी 2020 मध्ये गाठ पक्की बसली, तीही आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या कॅमेऱ्याने टिपलं होतं. चित्रीकरण हाती आलं, प्रमाणपत्र मात्र मागून मागून मिळालं नाही. न्यायालय म्हणालं, मूळ यंत्र आणत नसाल तर प्रमाणपत्र लागेलच; समोरचा देत नसेल तर कोर्टामार्फत मागवा.

बाईंची चूल पेटते ती या शेवटच्या वाक्यावर. कामगाराच्या ताब्यात मशीन कधीच नसतं.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम लागू आहे, कलम 63. प्रमाणपत्राचे दोन भाग: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश लिहायची, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. संध्याकाळी ऑफिसात ज्युनियर ती चार-चार अक्षरांनी मोठ्याने वाचतो, बाई पेन्सिलीने टिका करत जातात. चौसष्ट अक्षरं. चहावर साय धरते. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी सगळी ओळ वेगळीच येते. आणि इथे एक अक्षर चुकलं, तर समोरचे वकील फाइलच बदलली म्हणायला मोकळे.

त्या ग्राइंडिंगवाल्याची गैरहजेरीची केस अजून कंपनीच्या चौकशीतच आहे. तिथे पुरावा कायदा काटेकोर लागत नाही, म्हणून बाईंनी प्रमाणपत्राचा हट्ट धरला नाही. एवढंच म्हटलं, महिन्याचा गोषवारा नको, मशीनचा मूळ लॉग दाखवा. बघितल्याशिवाय माणूस उत्तर काय देणार? लॉग आला. गैरहजेरीच्या प्रत्येक सकाळी सातच्या आत तीन-चार फसलेले प्रयत्न. ज्युनियर खूश. बाईंनी कागद त्याच्याकडे सरकवला: वेळ आहे, नाव कुठंय? न जुळलेला अंगठा कुणाचा, हे मशीनलाही ठाऊक नसतं. मग कँटीनची कुपनं शोधा, रांगेत मागे उभा असायचा तो साक्षीला येतो का विचारा.

आता त्या गेटवर मशीनशेजारी सुतळीने बांधलेली एक वही लोंबकळते. अंगठा लागला नाही की वॉचमन पेन पुढे करतो.