ओमोनीच्या घरची किमची

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण कोरियात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी काहीजण वसतिगृहाऐवजी होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे, आणि इथे काळजी करत बसलेल्या त्यांच्या घरच्यांसाठीही.

कोरियन घरात शिरायची वाट स्वयंपाकघरातून जाते, आणि त्या स्वयंपाकघराचा कणा म्हणजे किमची, मीठ-मसाला लावून आंबवलेली भाजी. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत अनेक घरांत हिवाळ्याची किमची घालतात. या कामाला म्हणतात किमजांग. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापडांना शेजारणी एकमेकींच्या घरी जमायच्या, तसंच हे. सुना, मुली, आत्या, मावश्या येतात, किमची घालतात आणि जाताना आपापला डबा भरून नेतात. 2013 साली युनेस्कोने या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली, ती ‘किमची करणं आणि वाटून घेणं’ अशी. वाटून घेणं हा शब्द त्यात आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही त्या दिवसांत तिथे असाल तर बाहेरचा बेत आखू नका. रबरी हातमोजे मागून घ्या आणि सगळ्यांबरोबर कामाला बसा.

आता कृती. चिनी कोबी, त्यांची ‘बेचू’, साधारण अडीच किलोचा एक गड्डा घ्या. बुडाकडून चार बोटं सुरीने चिरायचं आणि पुढचं हाताने फाडायचं. पूर्ण सुरीने कापला तर आतली कोवळी पानं तुटून सांडतात. दोन लिटर पाण्यात 200 ग्रॅम जाडं समुद्री मीठ विरघळवून त्यात फोडी बुडवायच्या. शिवाय 100 ग्रॅम मीठ पानांच्या मधे भुरभुरायचं, तेही देठाकडच्या जाड पांढऱ्या भागात जास्त, शेंड्याकडे जवळजवळ नाहीच. आठ ते दहा तास ठेवायचं, मधे एकदा उलटायचं. झालं की नाही ते कसं ओळखायचं? पांढरा देठ दोन बोटांत धरून वाकवा. कट्कन मोडला तर अजून वेळ द्या, कापडासारखा दुमडला तर काढा. मग तीन पाण्यांतून धुवा आणि कापलेली बाजू खाली करून दोन-तीन तास निथळत ठेवा.

बिघडतं ते इथेच. मीठ कमी मुरलं, तर कोबी नंतर डब्यात पाणी सोडतो, मसाला पातळ होतो आणि किमची लिबलिबीत होते. घाईने निथळलं तरी तेच. मीठ जास्त झालं, तर आंबण्याची क्रिया मंदावते आणि चव कडवट राहते. खारटपणा धुताना जोखायचा असतो: तिसऱ्या पाण्यानंतर पानाचा तुकडा चावून पाहावा, तो नेहमीच्या भाजीपेक्षा थोडाच खारट लागला पाहिजे.

मसाल्यासाठी चिकट तांदळाचं दोन चमचे पीठ दीड कप पाण्यात शिजवून खळ करतात आणि ती पूर्ण गार होऊ देतात. या खळीमुळे मसाला पानाला धरून राहतो आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना खाद्य मिळतं. तीत 100 ग्रॅम ‘गोचुगारू’ म्हणजे त्यांचं भरड तिखट, 50 ग्रॅम वाटलेला लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, 400 ग्रॅम मुळ्याच्या लांब काड्या आणि मूठभर कांद्याची पात. तिखटाबाबत सावध राहा. गोचुगारू बिया काढून दळलेलं आणि सौम्य असतं. इथे परत आल्यावर आपलं घरचं लाल तिखट त्याच मापाने घातलं, तर ती किमची कुणालाही तोंडात धरवणार नाही. ब्याडगी मिरची बिया काढून भरड कुटली, तर रंग आणि चव बरीच जवळ येते.

यात आणखी दोन जिनसा असतात, आणि शाकाहारी माणसाने त्या नीट ऐकाव्यात. एक म्हणजे मिठात मुरवलेला बारीक जवळा, ‘सेउजोत’. दुसरा म्हणजे आपल्या मांदेलीच्या जातकुळीतल्या लहान माशांचा खारवलेला रस. एका गड्ड्याला पहिला दोन मोठे चमचे, दुसरा चार मोठे चमचे. दोन्ही मसाल्यात विरघळून जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. हाच मासा, ‘म्योल्ची’, सुकवून पाण्यात उकळतात आणि पुष्कळ रश्शांचा आधार बनवतात. त्यामुळे “मी मांस खात नाही” एवढं सांगून भागत नाही. कोरियन कानाला त्याचा अर्थ गाईचं, डुकराचं मांस नको, असा लागतो, आणि यजमानीण मोठ्या प्रेमाने माशाच्या पाण्यातली पालकाची आमटी वाढते. तिची त्यात काही चूक नाही. निघण्याआधीच दोन वाक्यं पाठ करा: “चोत्कालदो मोन मोगोयो”, म्हणजे खारवलेली मासळीही मला चालत नाही, आणि “म्योल्ची युक्सुदो मोन मोगोयो”, म्हणजे तिचं उकळलेलं पाणीही नाही. ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगावी, पान वाढल्यावर नव्हे. पर्यायही सुचवता येतो: मासळीऐवजी सूपाचा सोया सॉस तीन चमचे, आणि ‘दाशिमा’ ही समुद्री शेवाळाची पट्टी व वाळलेले शिताके मशरूम यांचं उकळलेलं पाणी. ते लगेच समजतात, कारण त्यांच्या बौद्ध मठांतला स्वयंपाक असाच असतो. मठात लसूण आणि कांद्याची पातही वर्ज्य. तिथल्या पाच वर्ज्य उग्र पदार्थांच्या यादीत ‘हुंगो’ नावाचा एक आहे, आणि तो म्हणजे आपला हिंग! कांदा-लसणाच्या बाबतीत तरी आपल्या जैन श्रोत्यांना मठातल्या पंगतीला बसताना परकं वाटणार नाही.

पुन्हा किमजांगकडे. बाहेरच्या पानापासून आतपर्यंत एकेक पान उचलून मसाला लावायचा, शेवटच्या मोठ्या पानाने गुंडाळी बांधायची आणि डब्यात दाबून बसवायची. वरचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा, कारण रस वर चढतो. काठोकाठ भरलेला डबा रात्रीतून उतू जातो. एक-दोन दिवस खोलीतच, मग किमचीसाठीच बनवलेल्या वेगळ्या फ्रिजमध्ये. काम चालू असताना घरातली आई एक कोवळं पान मसाल्यात घोळवते, त्याची वळकटी करते आणि “आऽऽ” म्हणत थेट तुमच्या तोंडाशी नेते. तो घास हातात घ्यायचा नसतो, तोंड उघडायचं असतं.

या आईला ‘ओमोनी’ म्हणावं, वडिलांना ‘आबोजी’. मोठ्या भावाला मुलगा ‘ह्योंग’ म्हणतो आणि मुलगी ‘ओप्पा’. आपल्यासारखा दोघांना मिळून एकच ‘दादा’ नाही. नावाने हाक फक्त बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. म्हणून पहिल्याच भेटीत तुमचं जन्मसाल विचारतात. तो भोचकपणा नव्हे. तुम्हाला ‘अहो’ म्हणायचं की ‘अरे’, हे त्यांना त्यावरूनच ठरवायचं असतं. आणि येता-जाता “पाप मोगोस्सो?” विचारतील, म्हणजे “जेवलास का?” आपल्याकडे या प्रश्नात जी माया असते, तीच तिथे असते.

जेवताना सर्वांत वयस्क माणसाने चमचा उचलल्याशिवाय सुरुवात नाही. आधी “जाल मोक्केस्सुम्निदा”, म्हणजे छान जेवेन, उठताना “जाल मोगोस्सुम्निदा”, म्हणजे छान जेवलो. भात आणि रस्सा चमच्याने, भाज्या धातूच्या चपट्या काड्यांनी. वाटी टेबलावरच राहते, जपानसारखी उचलत नाहीत. काड्या भातात उभ्या खोचू नका, ते पितरांपुढच्या पानाची आठवण करून देतं. मोठ्यांकडून घेताना आणि त्यांना देताना दोन्ही हात. मधल्या वाट्यांतल्या भाज्या, ‘पांचान’, सगळ्यांच्या असतात. आवडलेलं शोधायला त्यात उकराउकर करू नका.

घराचे दोन नियम चुकले की घरातल्यांना मनस्ताप होतो, म्हणून तेही सांगून ठेवतो. पहिला, जमिनीखालून घर तापवणारी ‘ओन्दोल’. भिंतीवरच्या पाटीवर ‘वेचुल’ असं बटण असतं, म्हणजे बाहेर जाणं. हिवाळ्यात बाहेर जाताना ते दाबायचं. यंत्र पूर्ण बंद केलं तर कडाक्याच्या थंडीत नळ गोठतात. दुसरा, कचरा. उष्टं-खरकटं वेगळं जातं आणि अनेक वसाहतींत त्याचं वजन होऊन पैसे आकारले जातात. हाडं, अंड्याची टरफलं, कांद्याची सालं, चहाच्या पिशव्या मात्र त्यात टाकायच्या नाहीत. जे जनावराला खाता येत नाही ते साध्या कचऱ्यात, आणि तोही विकत घेतलेल्या ठरावीक पिशवीतच.

वसंत ऋतूपर्यंत ती किमची चांगलीच आंबट होते. नुसती खायला जड जाते, पण ‘चिगे’ म्हणजे उकळता रस्सा करायला हीच हवी; ताज्या किमचीचा चिगे फिका लागतो. दोन वाट्या आंबट किमची चमचाभर तेलात पाच मिनिटं परता, तिचाच अर्धी वाटी रस आणि तीन वाट्या शेवाळ-मशरूमचं पाणी घाला, मंद आचेवर वीस मिनिटं उकळू द्या. फार आंबट वाटलं तर चिमूटभर साखर. टोफूचे जाड काप शेवटच्या पाच मिनिटांत, आधी घातले तर ढवळताना फुटतात. भांडं उकळतंच टेबलाच्या मधोमध येतं, आणि पहिला चमचा आजी घेते.

नमस्कार.