बोगमाळोतलं छोटं विमान आणि बेंगळुरूचा ८४वा डेपो

(मागे एचटी-२. उजवीकडे सुपर कॉन्स्टेलेशनचं तीन पंखांचं शेपूट. वारा जोरात आहे, माइक जवळ घ्या.)

नमस्कार मंडळी! वास्कोहून बोगमाळोला यायला निघालं की किनाऱ्याच्या अलीकडे नौदलाचं हे विमान संग्रहालय लागतं. इथे आलेला माणूस त्या अवाढव्य कॉन्स्टेलेशन विमानासमोर फोटो काढतो, मग सी हॅरियर या लढाऊ विमानासमोर काढतो, आणि बीचवर पळतो. माझ्या मागचं हे दोन सीटचं विमान बिचारं तसंच राहतं. हे एचटी-२, वैमानिकांना उडायला शिकवायचं विमान. याची गोष्ट सुरू होते एका दुरुस्तीच्या कारखान्यात, ऐन युद्धात.

तो कारखाना गोव्यात नव्हता, असणं शक्यही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबलेल्या जर्मन जहाजांचं मार्च १९४३ मध्ये काय झालं, तो एक वेगळा व्हिडिओ होईल. आपली दाबोळीची धावपट्टी तर पोर्तुगीजांनी बांधली तीच मुळी पन्नासच्या दशकात. तेव्हा चला बेंगळुरूला.

सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची गाठ पडली विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी. हा गृहस्थ चीनसाठी विमानं जोडून देण्याच्या धंद्यात होता. वालचंदांच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं: हे आपल्याकडे का नाही? म्हैसूर संस्थानाने भांडवल दिलं, ७०० एकर जमीन दिली, आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. ऑगस्ट १९४१ मध्ये पहिलं हार्लो ट्रेनर, म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं विमान, उडालंसुद्धा. अर्थात सुटे भाग अमेरिकेतून आलेले, जोडणी इथली.

मग १९४२ उजाडलं. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. नवीन विमानं बनवणं राहिलं बाजूला. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाकडे गेला आणि त्याला नाव मिळालं, ८४वा एअर डेपो. वालचंदांना काय वाटलं असेल हो? विमानं बनवायला निघालेला माणूस, आणि त्याच्या कारखान्याचं झालं गॅरेज.

पण गॅरेज कसलं, ते बघा. ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता जपान्यांनी तोडला होता. त्यामुळे आसामातून हिमालयाच्या डोंगररांगा ओलांडून चीनला सगळा माल विमानाने. पावसाळा असो, ढग असोत, फेऱ्या चालूच. अशात इंजिनं झिजणारच. आपला गाडीवाला मेकॅनिक म्हणतो ना, "इंजिन खोलावं लागेल, साहेब", तेच काम, पण किती मोठं! सी-४७ या मालवाहू विमानाचं ट्विन वास्प इंजिन घ्या. सिलिंडर १४, दोन वर्तुळांत बसवलेले, मागच्या वर्तुळापर्यंत हात पोचायचा म्हणजे कसरतच. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका इंजिनाला २८. आणि विमानाला इंजिनं दोन. सगळं सुटं करायचं, धुवायचं, प्रत्येक भागाला तडा आहे का बघायचं, झीज मोजायची, बदलायचं ते बदलायचं, परत जोडायचं आणि चाचणीच्या स्टँडवर चालवून बघायचं. रस्त्यात बंद पडलेली गाडी बाजूला घेता येते. हे कुठे घेणार?

डेपोत अशा ओव्हरहॉलला पहिली आली ती कॅटलिना, पाण्यावर उतरणारं विमान. तिचं इंजिनही ट्विन वास्पच. कॅटलिना उतरायच्या बेळ्ळंदूरच्या तळ्यावर. हो, तेच तळं, हल्ली फेसामुळे बातम्यांत येतं ते! मग भारत-ब्रह्मदेशात उडणारं जवळपास प्रत्येक जातीचं विमान इथे आलं. दोन वर्षांनी अमेरिकन गेले तेव्हा पूर्वेकडच्या सगळ्यात मोठ्या दुरुस्ती कारखान्यांत याची गणना होत होती.

माझं मत विचाराल तर हे गॅरेज होणंच पथ्यावर पडलं. नुसती जोडणी करणाऱ्याला विमान नवंकोरं दिसतं. ते कुठे झिजतं, कुठे तुटतं, हे खोलणाऱ्यालाच कळतं.

पुरावा हवाय? युद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर बॉम्बर टाकून दिलेले होते, कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेले. भंगारच म्हणा. बेंगळुरूच्या लोकांनी त्यांना उडण्यापुरतं ठाकठीक केलं, आणि कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ते एकेक करून बेंगळुरूला घेऊन आले. तशी डागडुजी केलेली चार इंजिनांची विमानं! कानपूरहून बेंगळुरू! मला तर नुसतं सांगतानाही घाम फुटतो. कारखान्यात ती नीट झाली, आणि १९४८ च्या अखेरीस आपल्या हवाई दलाकडे जड बॉम्बर आले.

(एचटी-२ च्या पंखाजवळ या.)

आता हे. आंबोली घाट चढून गडहिंग्लजच्या बाजूला गेलात की हसूरचंपू गाव आहे. तिथले विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या अभ्यासातले, मोठे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि बेंगळुरूच्या याच कंपनीत आले. एचटी-२ त्यांच्या देखरेखीखाली आखलं गेलं. ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि उडवलं कोणी? त्याच मुन्शींनी.

(कॅमेरा सावकाश कॉन्स्टेलेशनकडे.)

आणि तुमचं ते फोटोवालं विमान. हवाई दलाच्या ज्या ६ नंबर स्क्वाड्रनने बेंगळुरूचे लिबरेटर उडवले, तिच्याकडेच पुढे ही कॉन्स्टेलेशन आली, एअर इंडियाकडून. १९७६ मध्ये ती नौदलाला मिळाली आणि दाबोळीत राहिली. जवळ जाऊन बघा, खारा वारा खाऊन रिवेट्सची डोकी कशी...

(दाबोळीवरून विमान उठतं. आवाज.)

थांबा, हे जाऊ दे.

...हं. तर जवळ जाऊन बघा. आणि सोमवारी येऊ नका, बंद असतं.