रेघ न लागलेलं स्टेशन

(दृश्य: ठाणे स्टेशन. पनवेल लोकल सुटतेय.)

ऐरोली, रबाळे, घणसोली... रोजच्या प्रवाशाला ही नावं झोपेतही पाठ. आम्ही ती ग्राफ डेटाबेसमध्ये भरली. स्टेशन म्हणजे नोड (ठिपका), लगतच्या दोन स्टेशनांमधली धाव म्हणजे रिलेशनशिप (दोन ठिपक्यांना जोडणारी, दिशा असलेली रेघ). सोबत वाशी ते पनवेलचं हार्बर आणि नवी मुंबई मेट्रोची बेलापूर ते पेंधर ही 11 स्टेशनं.

(दृश्य: स्क्रीनवर ठिपके, रेघा.)

भरताना एकही एरर नाही. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. निओफोरजे हा आमचा ग्राफ डेटाबेस; त्याला प्रश्न विचारायच्या सायफर भाषेत विचारलं:

मॅच (एन) व्हेअर नॉट (एन)--() रिटर्न एन

कंस म्हणजे नोड, दोन डॅश म्हणजे नातं. ज्याचं कुणाशीच नातं नाही, तो दाखव. डॅशला बाण मुद्दाम लावला नाही. लावला असता तर फक्त बाहेर जाणाऱ्या रेघा बघितल्या गेल्या असत्या आणि शेवटचं पेंधरही एकटं ठरलं असतं.

उत्तरात दोन नावं आली: कोपरखैरणे आणि दिघा गाव.

कोपरखैरण्याचं दुखणं क्षुल्लक. स्टेशनांच्या फाइलीत नाव जोडून, धावांच्या फाइलीत तोडून: 'कोपर खैरणे'. नाव जुळलं नाही की मॅच गप्प बसतो. रेघ ओढत नाही, तक्रारही करत नाही.

दिघा गावची गंमत वेगळी. आमची धावांची फाइल जुन्या वेळापत्रकावरून केलेली. इथे लोकल थांबायला लागली जानेवारी 2024 मध्ये. त्याआधी फलाट तयार होता आणि गाड्या समोरून निघून जायच्या. म्हणजे जुन्या हिशेबाने डेटाबेस खरंच बोलत होता! एकटा नोड दिसला की डिलीट मारणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आम्ही ठाणे-ऐरोली रेघ तोडून मध्ये दिघा गाव ओवलं.

यादी रिकामी झाली. मग पेंधर ते ठाणे वाट विचारली. वाटच नाही.

मेट्रोची अकराही स्टेशनं एकमेकांचा हात धरून होती, म्हणून एकटं कुणीच नव्हतं. अख्खं बेटच तुटलेलं होतं. असं बेट हुडकायला वीकली कनेक्टेड कॉम्पोनंट्स हा अल्गोरिदम लागतो. बाणांची दिशा न बघता, रेघांवरून जिथवर पोहोचता येतं त्या सगळ्या नोडना तो एकच गटक्रमांक देतो. आम्हाला दोन क्रमांक मिळाले.

(दृश्य: बेलापूर. लोकलमधून उतरलेली माणसं मेट्रोकडे चालतायत.)

ही चाल कुठल्याच वेळापत्रकात नाही. बेलापूरच्या दोन नोडमध्ये एक रेघ टाकली, नाव दिलं 'पायी'. अल्गोरिदम पुन्हा चालवला.

गट: एक.