म्हणजे... काय आहे ना...

[पडद्यावर: आवाजाचा आलेख, एडिटिंगचा सॉफ्टवेअर]

हेडफोन लावून एडिटिंगला बसलं, की माणसाचं बोलणं दिसायला लागतं. हा इथला बुटका, लांबट उंचवटा दिसतोय? तो ‘अं’. आणि हा, पुन्हा पुन्हा येणारा? ‘म्हणजे’. एका छोट्या मुलाखतीतले ‘म्हणजे’ मोजायला घेतले आणि तिसाच्या पुढे नाद सोडला. त्यातले निम्मे मुलाखत घेणाऱ्याचे होते. मुलाखत घेणारा मी.

याला आपण पालुपद म्हणतो. शब्द मुळात गाण्यातला: दर कडव्यानंतर फिरून येणारी ओळ. गाण्यात आपण तिची वाट पाहतो. बोलण्यात आली की दातओठ खातो.

[दोन माणसं बोलताना, जवळून]

पण ती का येते? 2009 मध्ये दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या गेल्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. डोळ्यांसमोरच्या साध्या वस्तूचं नाव ओठांवर यायलाच सुमारे 600 लागतात. म्हणून समोरचा बोलत असतानाच आपण आतल्या आत उत्तर जुळवत असतो. जुळलं नाही आणि गप्प राहिलो, तर तो पुन्हा सुरू होणार. मग ‘अं’ म्हणायचं. जागेवर रुमाल टाकल्यासारखं. जपानी माणूस ‘एत्तो’ म्हणून टाकतो, स्पॅनिश बोलणारे बरेच जण ‘एस्ते’ म्हणून.

या रुमालाचा मला राग नाही. राग येतो तो ‘समजतंय ना?’चा. दर वाक्याला. समजत असतं हो! आपण मान हलवतो, हलवतो, आणि शेवटी नुसती मानच हलत राहते. ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्चुअली’वाल्यांना तर मी केव्हाच हात जोडलेत.

‘ते हे’ची गंमत मात्र वेगळी.

[घरातला आवाज]

“अगं, ते हे कुठंय?”
“कुठलं?”
“ते गं, हे घट्ट करायचं!”

आणि ती निमूटपणे पान्हा आणून देते. वाक्यात एकही नाम नाही, तरी काम झालं.

टोस्टमास्टर्स ही भाषणकला शिकवणारी संस्था 1924 पासून आहे. तिच्या सभेत एक जण फक्त वक्त्यांचे असले ‘अं’ मोजायला नेमलेला असतो. भाषण कशावर होतं, हे त्याला नंतर कितपत आठवत असेल, कोण जाणे. कान एकदा मोजण्यावर गेला, की मजकुरावर परत येत नाही.

[पुन्हा आलेख]

त्या मुलाखतीतल्या बाईंचे सगळे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मी कापले. ऐकलं, तर बाई सूचनाफलक वाचत होत्या. अवघड प्रश्नावर त्या जिथं अडखळल्या, विचारात पडल्या, ती जागाच गेली होती. मग एकेक करून बरेचसे परत लावले.

माझे मात्र सगळे कापले.